घरगाडीचे प्लग आणि यमुमावशीची ओसरी

आदरणीय रुपराव भाऊजी यांना,

रविंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. गोपिकाताईची कंबर आता कशी आहे? इकडे पारशिवनीला आम्ही सगळे खुशाल आहोत. पत्र पाहून दचकू नका. फोनवर तुमचं पहिलंच वाक्य ‘गाडी कशी आहे?’ असं असतं, आणि मग माणसाला सविस्तर बोलायची सोय राहत नाही. म्हणून यमुमावशीच्या सुशीलबरोबर हे पाठवतो आहे. (तो हिंगण्याला पाळीवर निघाला आहे. त्याला आधी जेवू घाला, मग वाचा.)

सर्वात आधी आभार. कंपनीची जुनी बस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, मोरी आणि संडास बसवायला तुम्ही सुरुवात केलीत, तेव्हा अख्ख्या खानदानाला हसू आवरत नव्हतं. (मी कमी हसलो, ताईला विचारा.) पण दमेकरी सासूला तिच्या बहिणीची भेट घडावी म्हणून आपली घरगाडी किल्लीसकट काढून देणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही. आईला एसटीत बसवत नाही, मध्येच आडवं व्हावं लागतं. तुमच्या पलंगावर ती पारशिवनीपर्यंत चक्क घोरत आली.

पोचल्यावर गाडी मावशीच्या अंगणात लावली आणि तुमची लांब केबल तिच्या घरातल्या प्लगला जोडली. आमच्या मोनालीने मोरीत मेथी धुतली आणि मावशीने दिलेल्या भिवापुरी मिरच्या गॅसवर तव्यात भाजायला घेतल्या. खिडक्या बंद होत्या. (माश्या येतात म्हणून मीच लावल्या होत्या.) मग जो ठसका उठला, तो काय सांगावा! मी आणि मोनाली खोकून मोकळे झालो, पण आईला दम लागला. खिडक्या उघडल्या, वाफेची मशीन काढली, प्लगमध्ये लावली, बटन दाबलं. मशीन गप्प. दुसऱ्या प्लगला लावली, तिथेही गप्प. दिवे लागून होते, पंखा फिरून राहिला होता, आणि प्लग तेवढे सगळे मेलेले! (दिवे-पंखा गाडीच्या बॅटरीवर आणि प्लग केबलवर, हे तुम्ही निघताना समजावलं होतं. तेव्हा मी मान हलवली होती, एवढंच.)

“मावशीकडची लाइन गेली असंन,” मोनाली म्हणाली. पळत जाऊन पाहिलं, तर मावशीचा मिक्सर गरगरत होता. केबल गाडीच्या बाजूने काढून टेस्टर लावला, तिथपर्यंतही लाइन होती. म्हणजे दोष गाडीत. (म्हणजे तुमच्यात, असं घटकाभर मनात आलं. राग नसावा.) मी पालथा पडून बाकाखाली डोकं घातलं आणि तारा चाचपत ‘आई, झालंच, झालंच’ म्हणत राहिलो. बाहेर येऊन बघतो तर पलंगावर आई नाही. मशीनही नाही.

धावत बाहेर आलो. आई मावशीच्या ओसरीवर बसली होती. तोंडाला मास्क, मशीन मावशीच्या प्लगला, आणि मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“काहून गा रवी,” मावशी म्हणाली, “एवढं मोठं घर हाये माह्यं. त्यातला प्लग नाही दिसला तुले?”

आईचा श्वास हळूहळू ताळ्यावर आला. मी पायरीवर बसलो, तेव्हा कळलं की टेस्टर अजून माझ्या हातातच आहे.

रोग सापडला तो मोनालीला. मिठाचा डबा शोधताना तिने मोरीशेजारचं कपाट उघडलं, तर आत एक खटका खाली पडलेला. वर केला की लगेच पडे. मग केबल काढून एकेक प्लग पाहिला. मोरीजवळचा मेथीच्या पाण्याने चिंब होता. त्या एकाने पाणी प्यायलं आणि खटक्याने सगळ्यांचीच लाइन तोडली होती. प्लग उघडून उन्हात पार वाळवला, परत बसवला, मग खटका वर राहिला. भाऊजी, मेथी धुताना मोनालीचे हात ओले होते आणि त्याच प्लगला टेकत होते. ज्या वायरिंगला मी बाकाखाली शिव्या घातल्या, तिनेच माझी बायको वाचवली. हे तुम्हाला तोंडावर सांगायला मला जमलं नसतं.

प्लग सुरू झाले, पण आई गाडीत परतली नाही. दोघी बहिणी एकाच खाटेवर झोपतात आणि एकमेकींची पांघरुणं ओढतात. बाबा गेल्यापासून आई अशी हसलेली मी पाहिली नव्हती. हे सगळं तुमच्यामुळे.

तुमचा कायमचा ऋणी,
रविंद्र

ता. क. प्लग सगळे चालू आहेत. गाडी बंद आहे. धावपळीत दिवे आणि पंखा कोणी बंद केलेच नाहीत, त्यामुळे बॅटरी पार बसली. सुशील म्हणतो मोटरसायकलवर बॅटरी आणणार नाही. तेव्हा तुम्हीच घेऊन याल का?

ता. क. दुसरा : आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, “जावईबुवाले लिही, बॅटरीची काही घाई नाही. गोपीले घेऊन या.”