चार वर्षांनी ये, असे मी सांगितले होते

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी, इन्साफ जमील हम्माद, वय त्र्याहत्तर, सल्फीतच्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, हा कागद आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण सही करायला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून बसवलेले नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम १. माझे वारस दोन. मुलगा कुतैबा, सध्या राहणार सांतियागो, चिली. आणि मुलगी अरीज, राहणार अम्मान. त्यांचे वाटे शरियतने आधीच पाडून दिले आहेत, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. घराचा खालचा मजला, बँकेतली शिल्लक आणि टेकडीवरची वडिलोपार्जित ऑलिव्हची झाडे त्या दोघांनी त्याप्रमाणे घ्यावीत. यंदा झाडांपर्यंत जायची लष्कराची परवानगी मिळाली नाही, फळ झाडावरच सुकले. पुढच्या वर्षी मिळाली तर जावे. नाही मिळाली तर जिवावर उदार होऊन जाऊ नये. माझ्या आईचा भरतकामाचा पायघोळ झगा, तिचा थोब, अरीजला द्यावा, कुतैबाची हरकत नसेल तर. तो काय हरकत घेणार.

माझ्या मर्जीने देता येतो तो एक तृतीयांश हिस्सा, आणि तोही वारसांखेरीज इतरांना. पुढची कलमे त्याबद्दल आहेत.

कलम २. घराची वरची खोली आणि गच्ची मी जुमानाला देते. जुमाना ही माझा धाकटा भाऊ शाकिर याची मुलगी, वय सदतीस, अविवाहित, नगरपालिकेत नकाशे काढते. भाची म्हणून देते हे खरे, पण पूर्ण खरे नाही.

रविवार, ९ जानेवारी २००५ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक झाली. आमच्या शाळेतल्या मतदान केंद्राची मी प्रमुख होते. पाचवीच्या वर्गात पेटी ठेवली होती. लोक ईदचे कपडे घालून आले होते. शाकिर सत्ताधारी पक्षाचा जिल्हा चिटणीस. तो फाटकाबाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी पाजत उभा होता. दुपारी रांगेतून जुमाना माझ्या टेबलापाशी आली. अठरा पुरी व्हायला तिला अडीच महिने कमी होते.

“आत्या, शाई तरी लाव ना बोटाला. मत नको देऊ देऊस हवं तर.”

“शाई म्हणजे मेंदी आहे का गं? हो बाजूला, रांग खोळंबलीय.”

“मग मी कधी देऊ?”

“अध्यक्षाची मुदत चारच वर्षांची असते. चार वर्षांनी ये. पहिली मतपत्रिका तुझ्या हातात देईन.”

ती मुदत २००९ च्या जानेवारीत संपली. तोवर गाझा एकीकडे आणि आम्ही एकीकडे झालो होतो. मुदत वर्षभर वाढवली असे सांगितले, मग सांगणेही थांबले. मधल्या काळात जुमानाने एकदा संसदेसाठी मत दिले. त्या संसदेचेही पुढे दोन तुकडे झाले. अध्यक्षासाठी तिने आजपर्यंत मत दिलेले नाही. तिच्या केसांत आता पांढरे आहेत. वर्गात माझ्या तोंडून चुकीचे उत्तर गेले तर दुसऱ्या दिवशी मी ते फळ्यावर दुरुस्त करत असे. या उत्तराची दुरुस्ती माझ्या हातून झाली नाही. ती मला कधी एका शब्दाने बोलली नाही, आणि तेच जड जाते. खोली तिने घ्यावी. गच्चीचा दरवाजा पावसाळी हवेत फुगतो, तो तासून घ्यावा.

कलम ३. खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला कुतैबाचा दवाखाना होता. तिथली दात तपासायची खुर्ची, दिवा आणि हत्यारांची पेटी डॉ. लुबना हिला द्यावी. ती माझी विद्यार्थिनी, आता दंतवैद्य. वस्तू माझ्या नाहीत, कुतैबाच्या आहेत. पण तो फोनवर म्हणाला, “आई, कुणालाही दे. मला ती खुर्ची नजरेसमोर नको.” त्याचे तोंडी म्हणणे मी इथे लेखी करते. आणि कारणही.

२०२१ च्या जानेवारीत निवडणुकीचा हुकूम निघाला. मे महिन्यात संसद, जुलैअखेर अध्यक्ष. कुतैबाने एका अपक्ष यादीत आपले नाव घातले. मी निवृत्त असूनही तरुण शिक्षकांना पेटीचे सील कसे लावतात ते शिकवायला जाऊ लागले. शाकिर घरी आला की माझ्याकडे बघून हसायचा आणि लगेच चहाच्या पेल्यात बघायचा. तेव्हा मला ते उमगले नाही.

रमजानमध्ये त्याच्या घरी इफ्तारला गेलो होतो. मक्लूबा भात संपला, गोडाचे कतायफ आले. कुतैबाने विचारले, “मामा, खरं सांगा. होणार ना मतदान?”

शाकिर म्हणाला, “जेरुसलेमवर ज्यांचा ताबा आहे त्यांनी तिथल्या लोकांना मत देऊ दिलं तर होणार. ते वगळून घेतलं, तर शहर सोडून दिल्याच्या कागदावर आपणच सही केल्यासारखं होईल.”

“मशिदींत ठेवू पेट्या, चर्चमध्ये ठेवू. येऊन उचलू दे त्यांना. जग तरी बघेल.”

“पेटी उचलतील, पोरांनाही उचलतील. तू इथे दात काढत बसशील.”

“आणि पक्षाचे तीन तुकडे झालेत, आपण हरू, ती भीती नाहीच का मामा?”

शाकिरने हातातली बशी खाली ठेवली. “माझ्या घरात बसून? माझं खाऊन?”

दोघांच्याही बोलण्यात खरे होते, असे मी आज लिहू शकते. त्या संध्याकाळी मी मुलाचा हात धरून उठले. कतायफ तसेच राहिले.

एप्रिलअखेर सगळे पुढे ढकलले गेले. पुढे म्हणजे कधी, ते कुठेच लिहिले नव्हते. उन्हाळ्यात रामल्लाहच्या चौकात लोक जमले, त्यांत कुतैबा होता. साध्या कपड्यांतले काही जण गर्दीत शिरले. ते कोण होते ते आम्हाला आजही ठाऊक नाही. कुतैबाच्या उजव्या हाताची तीन हाडे मोडली. हाडे जुळली, पण अंगठ्यात पकड आली नाही. पकड नसलेल्या दंतवैद्याकडे कोण तोंड उघडून बसेल?

मी शाकिरला फोन केला. “निदान कोण होते ते तरी विचार.”

“ताई, विचारून काय होणार? पोरगा जिवंत आहे ना?”

त्यानंतर दोन वर्षे मी भावाशी बोलले नाही. कुतैबा चिलीत लांबच्या नातेवाइकांच्या कापडाच्या दुकानात उभा राहतो. कापड डाव्या हाताने कापायला शिकला आहे.

कलम ४. या कलमात वाटण्यासारखे काही नाही. वकील असता तर त्याने हे खोडले असते, म्हणून वकील घेतला नाही.

शाकिर दर हंगामात तेलाचा डबा पाठवायचा, मी परत पाठवायचे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला नाब्लुसच्या इस्पितळात ठेवले, तेव्हा जुमाना मला घेऊन गेली आणि स्वतः बाहेर थांबली. तो अर्धा उरला होता. मी तब्येत विचारली नाही.

“तुला माहीत होतं, मतदान होणार नाही म्हणून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग कुतैबाला थांबवलं का नाहीस? मला सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “ताई, त्या दिवसांत तू कशी चालायचीस, आठवतं? काठी माझ्याकडे विसरून जायचीस. मला धीरच झाला नाही गं.”

मी म्हणाले, “तुझ्याच्याने सांगवलं नाही, आणि हात माझ्या मुलाचा गेला.” आणि उठून आले. मागून त्याने एकदा हाक मारली. नवव्या दिवशी तो गेला.

मी त्याला माफ केले असे त्याने ऐकले नाही, कारण मी ते म्हटले नाही. मुलांनी हे वाचावे आणि मला चांगली म्हणायची घाई करू नये.

कलम ५. मला आईच्या शेजारी पुरावे. भाषणे नकोत. पक्षाचा झेंडा कुठलाच नको. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जुमानाने करावी.

कलम ६, आणि शेवटचे. मी वारल्यावर पहिल्याच आठवड्यात मृत्यूचा दाखला दाखवून मतदारयादीतून माझे नाव काढून टाकावे. शोकाचे चाळीस दिवस संपायची वाट बघू नये. २००५ च्या आधी मी एकशे चौदा घरांच्या दारांत जाऊन “तुमच्या घरात कोण वारलं?” असे विचारले आहे. लोकांनी तोंडावर दारे लावली, तरी विचारले. यादी खरी असली पाहिजे, मतदान होवो न होवो.

शाकिरचे नाव अजून यादीत आहे. या मार्चमध्ये मी जुमानाला म्हणाले, “अर्ज दे, नाव काढायला हवं.” ती नकाशाची घडी घालत होती. म्हणाली, “राहू दे ना आत्या. तेवढ्या एकाच ठिकाणी बाबा अजून आहेत.”

मी अर्ज स्वतःच लिहिला. पूर्ण नाव, जन्मवर्ष, दाखल्याचा क्रमांक. पाकिटात घालून कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी आमच्याच शाळेची. “बाई, काय काम होतं?” तिने विचारले.

“काही नाही. यादी बघायला आले होते.”

तिने यादी पुढे केली. मी त्याच्या नावावर बोट ठेवून थोडा वेळ उभी राहिले आणि घरी परतले. अर्ज फाडला. नियमाविरुद्ध आयुष्यात मी केलेली ही एकच गोष्ट. ती आहे तशी राहू द्यावी. शाकिरच्या नावाला कोणी हात लावू नये. माझे काढावे.

हे सर्व मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: इन्साफ जमील हम्माद

साक्षीदार:
१. हाज्ज तहसीन शतात, शेजारी
२. नजाह ओदेह, निवृत्त शिक्षिका
३. डॉ. लुबना (ही कलम ३ मध्ये लाभार्थी आहे, हे तिसऱ्या साक्षीदाराने स्वतः लक्षात आणून दिले, म्हणून तिचे नाव खोडून पुढचे घातले आहे.)
३. वदाद शतात, हाज्ज तहसीन यांची पत्नी

सल्फीत, गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४