हिरवी फांदी

मंगळवार, दिवेलागण

आज नर्सरीवाले भैया कुंडी पाहून म्हणाले, "आंटीजी, हरी डाली काटनी थी. सारी ताकत वही खा गई. पीला तो गया अब."

कुंडीत यांचं छत्रीचं झाड, छत्रीसारखी पानं पसरणारं. रिटायर होऊन खमरियाच्या फॅक्टरीचं क्वार्टर सोडलं, तेव्हा यांनी ते ऑटोत मांडीवर धरून आणलं होतं. पानांवरच्या पिवळ्या शिंतोड्यांवर भारी जीव. एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली, की हे मिशांच्या कात्रीनं ती कापायचे. मी ओरडायची, "अहो, चांगली वाढून राहिली, काहून कापता?" हे नुसते हसायचे. कारण कधी सांगितलंच नाही? की सांगितलं, अन् मीच ऐकलं नाही?

हे गेल्यापासून वर्षभर मी झाडाला कोणाला हात लावू दिला नाही. हिरवी फांदी खिडकीपर्यंत गेली. मुलीला फोनवर कौतुकानं दाखवायची, बाबांचं झाड बघ! पिवळी पानं गळत होती, मला वाटलं पिकली असतील.

मिशांची कात्री काढून कुंडीपाशी बसले आहे. काय कापू? यांनी जी हिरवी फांदी कधी ठेवली नाही, तीच तेवढी माझ्याजवळ उरली.