तेरेन्तीने गाडी का बंद केली, याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हिवाळी सुरक्षा कार्यालय,
जिल्हा मुख्यालय, याकुतिया.

अर्जदार : फेव्रोन्या येफ्रेमोव्ना बुर्नाशोवा, वय ६७, राहणार आर्गास-क्युयोल वस्ती.

विषय : माझे दिवंगत जावई तेरेन्ती स्लेप्त्सोव यांच्या मृत्यूच्या अहवालातील 'निष्काळजीपणा' हा शब्द काढणेबाबत, तसेच शाळेतील धड्यातून त्यांचे नाव वगळणेबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल. २) याच मागणीवरील आपले नकाराचे पत्र, दि. २ ऑगस्ट. ३) माझ्या तीन जुन्या तक्रारी, ज्यांची मला आता लाज वाटते.

महोदय,

१. सविनय सादर करते की, आपल्या अहवालानुसार दि. १४ जानेवारी रोजी, थंडी उणे बावन्न असताना, तेरेन्तीने गोठलेल्या तळ्यावर चालती जीप नियम ९ (कडक थंडीत उघड्यावर इंजिन बंद करू नये) मोडून बंद केली, बॉनेट न झाकता उघडे ठेवले, इंजिन गोठले, आणि तिसऱ्या दिवशी तो जिल्ह्याच्या इस्पितळात वारला. यातले काहीही खोटे नाही. तक्रार आहे ती अहवालातल्या शेवटच्या एका शब्दाबद्दल, 'निष्काळजीपणा'. हा अहवाल येत्या ऑक्टोबरात शाळेच्या सभागृहात नावानिशी धडा म्हणून वाचला जाणार आहे. माझी नात तुयारा तिसरीत आहे. ती दुसऱ्या बाकावर बसते. तिच्या बापाचे नाव घेऊन 'असे वागू नका' असे तिला सांगितले जाईल आणि पोरीला ते मान खाली घालून ऐकावे लागेल.

२. आपल्या पत्रात माझ्याच तक्रारी माझ्यावर उलटवल्या आहेत. 'कुटुंबातील व्यक्तीच इंजिन बंद करण्याचा आग्रह धरीत असल्याने मयतास तशी सवय असावी,' असे आपण लिहिता. सवय! महोदय, अकरा हिवाळे ती जीप माझ्या खिडकीखाली ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत अखंड धडधडत होती. गाडी ठेवायला आमच्याकडे उबदार छप्पर नाही, आणि एकदा गार पडलेली गाडी एप्रिलशिवाय डोळे उघडत नाही, हे मलाही कळते. तरी मी रोज सकाळी ओरडायची, "अरे तेरेन्ती, बंद कर ते एकदाचं! डोकं उठलं माझं!" त्यावर तो हसून म्हणायचा, "सासूबाई, तुम्ही कुठं बंद होता? मग तिनंच का व्हावं?"

आमच्या वस्तीला विजेची तार नाही. लहान जनरेटर रोज सकाळी सुरू करावा लागतो. म्हणून त्याची बॅटरी चुलीशेजारी माझ्या जागेवर झोपायची, तेल पातेल्यात तापायचे, आणि स्पार्क प्लग माझ्या घावनांच्या तव्यावर. "तुमच्या घावनांपेक्षा हे खुसखुशीत होतात," असे तो माझ्या लेकीसमोर म्हणाला होता. त्या रागात मी तिसरी तक्रार लिहिली. आपण तिन्ही फेटाळल्या, कारण नियम ९. ज्या नियमापायी त्याने सासूच्या शिव्या अकरा वर्षे खाल्ल्या, तो त्याने निष्काळजीपणाने मोडला, हे आपल्या मनाला तरी पटते का?

३. उघड्या बॉनेटबद्दल. बॉनेटवर घालायची जाड गोधडी मीच शिवली होती, नवऱ्याच्या जुन्या फरकोटाची. मायेने नव्हे. आवाज दबावा म्हणून. त्या दिवशी ती बॉनेटवर नव्हती, कारण ती माझ्या अंगावर होती.

४. घडले ते असे. मी दुपारी हातघसरगाडी घेऊन तळ्यावर पिण्याच्या पाण्यासाठी बर्फाचे ठोकळे आणायला गेले. "थांबा, मी येतो," असे तेरेन्ती म्हणाला होता. "तुझ्या त्या धडधडीत बसण्यापेक्षा चालत मेलेली बरी," असे मी म्हणाले. हे माझे शब्द आहेत, ते नोंदवून घ्यावेत. थंडीचे धुके उतरले, वाट गेली, बर्फाच्या कडेवरून पाय घसरून घोटा मोडला. तासाभराने मला जीप ऐकू आली. ती जवळ आली, आणि पुढे जाऊ लागली. माझी हाक त्याला ऐकू जाणार कशी? मग आवाज थांबला.

तो गाडीतून उतरला आणि माझ्या हाकेमागे चालत आला. वीस पावले चालायचा, थांबायचा, ओरडायचा, "आई, पुन्हा!" अकरा वर्षांत त्याने मला आई म्हटले नव्हते. आपण पत्रात विचारता की, हाक ऐकल्यावर त्याने गाडी पुन्हा सुरू का केली नाही. केली असती तर मी पुन्हा हरवले असते. मधे फुटलेल्या बर्फाचे उंचवटे होते, गाडी तिथवर येणारी नव्हती, आणि धुक्यात माझ्या आवाजाखेरीज त्याला धरायला काही नव्हते. येताना त्याने गोधडी आणली, कारण मला थंडी वाजत असेल हे त्याला ठाऊक होते. मला घसरगाडीवर घालून तो परतला तेव्हा इंजिन दगड झाले होते. हातमोजे काढून त्याने चाळीस वेळा हँडल मारले. मी मोजत होते. मग स्वतःचा फरकोटही माझ्यावर घालून त्याने मला चार किलोमीटर ओढत आणले. पहिल्या कुंपणापाशी तो खाली बसला.

५. आपले म्हणणे, इंजिन बंद करण्यास साक्षीदार नाही, आणि 'शोधण्यात आलेली व्यक्ती' नियमाने साक्षीदार होऊ शकत नाही. तरीही आपण मला नमुना पाठवला, ज्यात इंजिन बंद होताना मी कोणत्या दिशेस होते याची नकाशावर खूण मागितली आहे. महोदय, दिशा ठाऊक असती तर मी घरी गेले असते.

६. आता जे मी लेकीलाही सांगितलेले नाही, ते लिहिते. जीप पुढे जाऊ लागली तेव्हा मी 'वाचव' म्हणाले नाही. रोजची सवय. तोंडातून तेच आले, "तेरेन्ती, बंद कर ते!" आणि ते बंद झाले. त्याला ऐकू गेले, की तो आपणहूनच थांबला, हे मला कळायला मार्ग नाही. दोन दिवस तो इस्पितळात होता, मी शेजारच्या खोलीत, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. अकरा वर्षांत त्याने माझे एकदाच ऐकले असेल तर ते तेव्हा.

सबब विनंती की, 'निष्काळजीपणा' खोडून कारणाच्या रकान्यात 'सासूने सांगितले म्हणून' असे लिहावे. धडा वाचायचाच असेल तर माझ्या नावाने वाचावा. मी स्वतः सभागृहात उभी राहीन. मुलांना काय विचारायचे ते विचारू द्यावे.

माझ्या तिन्ही तक्रारी मी मागे घेत आहे.

आपली, या वेळी तरी खरोखरच नम्र,
फेव्रोन्या बुर्नाशोवा
दि. ३ सप्टेंबर

सोबत : बॉनेटची गोधडी, नग एक, पुरावा म्हणून. तपासून ऑक्टोबरपूर्वी परत मिळावी. जीप एप्रिलमध्ये ओढून आणली आहे. ती माझ्या खिडकीखाली चालू आहे, आणि ती बंद करू नये असे मी घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.