चौथ्या झाडाचं तिकीट

उल्म, फेब्रुवारीची अखेर

तीर्थस्वरूप एकार्टदादास,

धाकट्या रोझविताचा नमस्कार. पाठ कशी आहे? ("बरी आहे" असं कळवू नकोस. ते तू दर पत्रात कळवतोस, आणि ल्यूबेकच्या त्या तिसऱ्या मजल्यावर बटाट्याची पिशवी मध्ये दोनदा बसून चढवतोस, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळतं.) वहिनी गेल्यापासून तू रात्री नुसता पाव-लोणी खातोस हेही कळतं. इथे सगळं ठीक. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ट्राममध्ये उभं राहून लोकांची तिकिटं तपासण्यात आयुष्य काढलेल्या बाईचा गुडघा आनंदाने गाणी म्हणेल अशी माझी अपेक्षाही नव्हती.

बातमी अशी की मी घरात गांजा लावला आहे. उभा असशील तर बस. यात बेकायदा काही नाही. आता सरकारनेच मोठ्या माणसाला घरात तीन झाडं लावायची मुभा दिली आहे, माणशी तीन. मी म्हटलं, मुभा असून न लावणं म्हणजे महिन्याचा पास काढून पायी फिरणं. शिवाय पाहुण्यांची खोली रिकामीच असते. (का रिकामी असते ते तुला ठाऊक आहे. तीन नाताळ झाले.) तेव्हा दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, बोलायला मऊ, अगदी पाळणाघरातल्या बाईसारखा. म्हणाला, "आजी, पहिल्यांदाच ना? मग चार बिया घ्या, एक हमखास दगा देते." मी चार भिजवल्या. दादा, चारही उगवल्या. माझ्या हातून आजवर साधी तुळसही जगली नव्हती, आणि कायद्याला तीनच हवी होती तेव्हा नेमकी चार!

सर्वांत दुबळं उपटायचं असं मी ठरवलं. पण दुबळं कोणतं हे कळायला थोडे दिवस द्यावे लागतात, आणि तेवढ्यात माणसाचं मन बसतं. चौथं झाड वाकडं निघालं, एका बाजूला कललेलं, तू मासे आणायला निघतोस तसं. मी त्याचं नाव एकार्ट ठेवलं. आता एकार्टला उपटणार कोण?

सामानाचं नीट वाच, उगाच लिहीत नाही. एक तंबू लागतो, कपाटाएवढा, आतून चंदेरी. त्यात वरून टांगायचा दिवा. तो रोपांच्या फार जवळ आणला तर पानं करपतात आणि फार लांब नेला तर रोपं ताडासारखी वाढून आडवी होतात. दिव्याला टायमर लाव. आधी अठरा तास उजेड, मग फुलांसाठी बारा तास उजेड आणि बारा तास गच्च अंधार. त्या अंधारात टॉर्च घेऊन डोकवायचं नाही. (मी दोनदा डोकावले. जुनी सवय, अंधारात कोण काय करतंय ते पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.) कापडी कुंड्या घे. पाणी प्रेमापोटी घालू नकोस. कुंडी उचलून बघ, हलकी लागली तरच घाल. मी प्रेमापोटी घातलं, तर मातीत चिलटं झाली आणि खोलीभर पिवळ्या चिकट पट्ट्या टांगाव्या लागल्या. एक माझ्या केसांत अडकली, ती तशीच मिरवत मी बेकरीतून पाव घेऊन आले आणि कोणी चकार शब्द काढला नाही.

पण खरी चूक आपल्या आईची. सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या, बाहेर बर्फ असो नाहीतर युद्ध, हे तिने आपल्या हाडांत भरवलंय. जानेवारीत मी खिडकी उघडली, तंबूचीही चेन उघडली, म्हटलं बिचाऱ्यांना जरा ताजी हवा. दहा मिनिटांत चौघांनी माना टाकल्या. आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हती. हवा बाहेर ओढायला पंखा आणि वासाला कोळशाची गाळणी घ्या असं दाढीवाला सांगत होता. पंखा घेतला. गाळणी घेतली नाही. घराला खिडकी असताना हवा गाळायची कशाला?

फुलं धरली आणि कशाला ते कळलं. खालच्या मजल्यावरच्या हेबर्लेबाई (जिना कोणी कोणत्या आठवड्यात पुसायचा याचा तक्ता यांच्याच दारावर) वर आल्या. "फोग्टबाई, माळ्यावर उदमांजर शिरलंय! वासावरून मेलंय, पण घरघर ऐकली तर जिवंत आहे." घरघर माझ्या पंख्याची. मी सांगायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी उदमांजर पकडणाऱ्याला फोनही केला होता. त्यांच्या गाडीच्या वायरी एकदा उदमांजराने कुरतडल्या, तेव्हापासून या बाबतीत बाई ऐकून घेत नाहीत.

माळ्याची शिडी पाहुण्यांच्या खोलीत. पिंजरा घेऊन एक भलामोठा माणूस आला, त्याने नाक वर केलं, शिडीकडे न बघता तंबूची चेन उघडली आणि म्हणाला, "काकू, तुमच्या उदमांजराची पानं छान आहेत हो!" तो गृहस्थ हसत होता. हेबर्लेबाई मोजत होत्या. "एक, दोन, तीन, चार. फोग्टबाई, तुम्ही तर एकट्याच राहता."

दादा, एकार्ट त्या कोपऱ्यात कललेला होता. माझ्या तोंडून गेलं, "चौथं माझ्या भावाचं आहे. तो येतोय. राहायलाच येतोय."

बाई म्हणाल्या, "अच्छा," आणि खाली गेल्या. गाळणी मी त्याच दुपारी आणली. आता वास नाही, नुसती काळजी आहे. बाकी सर्व क्षेम. पाठीला शेक देत जा.

तुझी,
रोझविता

ता. क. तुझं घर सोड असं मी म्हणत नाही. तू ऐकणारा नाहीस, आणि दया केलेली तुला चालत नाही. पण इथे दया तुझ्यावर नाहीच, एका वाकड्या झाडावर आहे. पलंग मी खिडकीपासून सरकवला आहे, तंबू कोपऱ्यात मावतो. आणि लिफ्ट आहे.

ता. क. २. हेबर्लेबाईंनी जिन्याच्या तक्त्यात तुझं नाव घातलं. मार्चचा दुसरा आठवडा. पाठीचं सांगितलं, तर म्हणाल्या की तोवर पाठ बरी करा.

ता. क. ३. बिनतिकीट माणूस सापडला की हमखास एकच सांगायचा, "तिकीट भावाकडे आहे, तो मागच्या डब्यात आहे." मी दर वेळी मागच्या डब्यात जाऊन पाहिलं. भाऊ कधीच नसायचा. तरी जात राहिले, म्हटलं एखाद्या वेळी असेलही. गाडी कोणती ते कळव, मी स्टेशनवर येते.