पार्टी सोडली की नाही

नागपूर, महाल
९ एप्रिल १९७८

तीर्थरूप महादेवमामांच्या चरणी श्रीधरचा साष्टांग नमस्कार. (एरवी हे मी सवयीने लिहितो. या खेपेला मी खरोखरच पालथा पडलो आहे असं समजावं, म्हणजे माझं तोंड तुम्हाला दिसणार नाही आणि पुढचं लिहायला मला जरा बरं पडेल.)

इकडे आईची तब्येत ठीक आहे. उन्हाळा लागला की तिचे गुडघे सुधारतात आणि बाकी सगळ्यांचं डोकं बिघडतं. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. हिरवी पट्टी निघाली का? निघाली असली तरी उन्हात शेतावर जाऊ नये, आणि गेलात तर निदान मामींना कळू देऊ नये. डॉक्टरांनी वाचायला बंदी केल्यापासून आलेली पत्रं प्रेमिला वाचून दाखवते आणि तुम्ही सांगाल ती उत्तरंही तीच लिहिते, असं समजलं. म्हणजे हे पत्रही आता तीच वाचत असणार, पडवीत, मोठ्याने, आणि मामी शेजारी गहू निवडत असणार. हे लक्षात आल्यावर मी दोनदा पेन खाली ठेवलं. (प्रेमिला, सावकाश वाच. मध्ये कुठे खोकला आला तर खुशाल खोकत जा.)

तुमचं पत्र पोचलं. चांद्याच्या ओव्हरसियरचं स्थळ प्रेमिलासाठी सांगून आलं आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, मोटारसायकल आहे, मंडळी उत्तरासाठी घाई करत आहेत, हे सगळं समजलं. मी पाळण्यात असताना तुम्ही आईला शब्द दिला होता की मला मुलगी झाली तर बहिणीच्याच घरी देईन, आणि तो शब्द पाळायची तुमची अजूनही तयारी आहे, हा तुमचा मोठेपणा. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीतच आहे, पण गिटार वाजवणारा जावई करायची रीत नाही, हेही मला मान्य आहे. तेव्हा ‘पार्टी सोडली की नाही ते एका शब्दात कळव’ असं तुम्ही विचारलंत त्यात काही वावगं नाही. (प्रश्न तुमचा असला तरी अक्षर प्रेमिलाचं होतं, आणि ‘सोडली’ या शब्दावर निब इतकी दाबली गेली होती की कागद फाटला आहे.) एका शब्दात सांगता आलं असतं तर मी पोस्टकार्डच टाकलं असतं. पण सोडली म्हणावं तर खोटं होतं आणि नाही म्हणावं तरी खोटंच होतं. म्हणून पहिल्यापासून सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

आमच्या पार्टीचं नाव ‘द थंडरिंग ऑरेंजेस’. तुम्ही तिला पहिल्यापासून संत्रा पार्टी म्हणत आलात आणि पुढे सगळं नागपूर तेच म्हणू लागलं. गिटार आणि गाणं माझ्याकडे. ड्रमवर मार्तंड, माझ्या ऑफिसातल्या हेडक्लार्कचा मुलगा. मोठी, जाड तारांची गिटार गोविंदाकडे. त्याच्या वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. जुन्या रेडिओचे भाग जोडून आम्ही अँप्लिफायर केला होता, त्यातून गाण्याच्या आधी थोडा वेळ बातम्या ऐकू यायच्या. आमचं तत्त्व एकच होतं, सिनेमाचं गाणं वाजवायचं नाही. जे वाजवू ते स्वतःचं. तत्त्व चांगलं होतं, मामा, फक्त ते ऐकायला कोणी तयार नव्हतं.

पहिला कार्यक्रम तुम्हाला आठवत असेल. इतवारीतला गणपती, आरतीच्या आधीची वेळ. तुम्ही मामींना आणि प्रेमिलाला घेऊन भांडी घ्यायला आला होतात आणि मी आग्रह करकरून तुम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. फर्माइशीच्या चिठ्ठ्या येऊ लागल्या. दरेक चिठ्ठीवर सिनेमाचं गाणं. मी माइकवरून सांगितलं की आम्ही फक्त आमची रचना सादर करू, आणि ‘माय सोल इज अ बर्निंग आफ्टरनून’ सुरू केलं. गाणं संपल्यावर मंडपात अशी शांतता पसरली की मागच्या गल्लीतला हातठेलेवाला कोणाला शिव्या देतो आहे हे नावासकट कळलं. मग बायकांच्या बाजूने एक टाळी वाजली. एकच. तुम्ही मला जवळ बोलावून अर्थ विचारलात. मी सांगितलं, माझा जीव भर दुपारसारखा जळतो आहे. तुम्ही बराच विचार करून म्हणालात, “मंग सावलीत बस ना गा.” मी त्या वेळी रागावलो होतो. आज वाटतं, त्या गाण्यावर त्याहून योग्य अभिप्राय कोणी दिलेला नाही.

दुसरं गाणं अर्ध्यावर असतानाच मंडळाच्या अध्यक्षांनी हात केला आणि लोकांनी उभं राहून सरळ आरती सुरू केली. मी अपमानाने गिटार खाली ठेवली. गोविंदानेही ठेवली. पण मार्तंड थांबला नाही. लहानपणापासून आरतीला झांज वाजवलेला मुलगा तो, समोर आरती चालू असताना हातात काठ्या घेऊन गप्प बसणं त्याला जमलंच नाही. त्याने आरतीला ड्रम वाजवला. आणि मामा, लोक वेडे झाले. पोरं नाचली, म्हातारे नाचले, अध्यक्ष स्वतः घामाघूम झाले आणि आरती संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावली. तुम्हीही हात वर केलेले मी पाहिले. निघताना अध्यक्षांनी मार्तंडला पेढे दिले आणि मला सांगितलं की पुढच्या वर्षी नक्की या, फक्त ते इंग्रजी जरा कमी करा. (ते पेढे आम्ही तिघांनी खाल्ले. तत्त्व तिथेच ढिलं पडलं असावं.)

त्यानंतर बोलावणी येऊ लागली, पण सगळी आरतीसाठी. मी अट घालायचो की आधी आमची रचना होईल. पहिल्या वर्षी दोन रचना आणि आरती, पुढे एक रचना आणि आरत्या, त्याच्या पुढे लोक आरत्या झाल्यावर चपला शोधत असताना रचना. अशात मार्तंडला कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरी लागली. पाळीची ड्यूटी, तिथेच क्वार्टर. ड्रम वसाहतीत नेला तर शेजारचे झोपू देणार नाहीत म्हणून तो माझ्याकडेच ठेवून गेला. दुसरा ड्रमवाला मिळेना. तेव्हा आरतीच्या बोलावण्यांमुळे ओळख झालेले चंपतराव आले. ते ढोलकी वाजवतात. मी म्हटलं, तात्पुरते या.

मग गोविंदाचं लग्न ठरलं. सासऱ्याने फोटोत गिटार पाहिली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. गोविंदाने तंबोऱ्याचा प्रकार आहे असं सांगितलं आणि त्या दिवसापासून त्याने तिला हात लावला नाही. त्याच्या जागी चंपतरावांनी आपले शेजारी रामाजी आणले. रामाजी पेटी वाजवतात आणि सगळ्यांशी गोड बोलतात. जाड तारांच्या गिटारचं काम काय असतं हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले की मग पेटीचा खालचा भाग मी जरा जास्त दाबत जाईन. मी तेही मान्य केलं. प्रत्येक वेळी एकच माणूस बदलत होता हो मामा, त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नाही. गेल्या दिवाळीत ‘पार्टी कशी काय’ असं तुम्ही विचारलंत तेव्हा मी मान ताठ ठेवून ‘मंडळी थोडी बदलली’ म्हणालो. ते खोटं नव्हतं.

शेवटी तुळसाबाई आल्या. हुडकेश्वरला मारुतीच्या देवळात दर शनिवारी संध्याकाळी त्या भजन म्हणतात. आवाज असा की माइक लाजेने बंद पडावा. एकदा माझा घसा बसला म्हणून त्यांनी माझ्या जागी म्हटलं, आणि माझा घसा सुटला तरी ती जागा सुटली नाही. ड्रमच्या कातडीवर पार्टीचं इंग्रजी नाव आणि एक संत्रं रंगवलेलं होतं. तुळसाबाईंनी ते पहिल्याच दिवशी हळदीकुंकू लावून पुजलं, नंतर ड्रम आडवा केला आणि आता त्यावर प्रसादाचं ताट असतं. अँप्लिफायरमधून बातम्या येतात म्हणून तो रामाजी घरी घेऊन गेले. गिटारला टाळांच्या आवाजात कोणी विचारेना, तेव्हा माझ्या हातात झांज देण्यात आली.

आता खरी लाजेची गोष्ट येते. (प्रेमिला, इथे खोकायचं असेल तर खोक.) मामा, मला झांज वाजवता येत नाही. जी इतवारीतल्या शेंबड्या पोरालाही येते ती मला येत नाही. गिटार वाजवताना ताल मार्तंड सांभाळायचा आणि मी डोळे मिटून गायचो, त्यामुळे ही गोष्ट इतकी वर्षं उघडकीस आली नव्हती. गेल्या महिन्यात एका शनिवारी देऊळ भरलेलं होतं. मी रंगात येऊन, जिथे वाजवायची तिथे सोडून बाकी सगळीकडे झांज वाजवत होतो. तुळसाबाईंनी हात वर करून भजन थांबवलं. भजन मध्ये थांबलेलं त्या देवळात कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून बाहेर उभे असलेले लोकही आत डोकावले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी मायेने म्हणाल्या, “बाबू, तू मधातच एवढ्या जोरानं काहून वाजवून राहिला? देवाले नीट आयकू येते.”

मग त्यांनी माझ्या हातातली झांज काढून शेजारच्या बाईला दिली आणि भजन पुढे सुरू झालं. आधीपेक्षा चांगलं झालं, हे मला स्वतःला कळत होतं. ज्या पार्टीला मी नाव दिलं, जिच्यासाठी आईशी भांडलो, तिने मला भर देवळात बाहेर काढलं आणि तिचं काही बिघडलं नाही. मी खाली मान घालून चपला घालत होतो तेव्हा रामाजी मागून आले आणि म्हणाले, “वाईट नोको वाटून घेऊ गा. तू सतरंजी टाकत जा.”

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की पार्टी मी सोडली नाही, पार्टीने मला सोडलं. तुमच्या शब्दाचा मान राखून मोठा त्याग केला असं मला लिहिता आलं असतं, आणि एक कागद तसा लिहिलाही होता. पण तो प्रेमिलाच्या तोंडून तुम्ही ऐकणार, हे मनात आलं आणि फाडून टाकला. मी सध्या ऑफिसात जातो, घरी येतो आणि मान खाली घालून जेवतो. ओव्हरसियरच्या मंडळींना काय कळवायचं ते तुम्ही ठरवावं. असल्या माणसाला मुलगी देऊ नये असं वाटलं तर मी रागावणार नाही. म्हणजे, मला फार वाईट वाटेल, पण रागावणार नाही.

मामींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालावं.

आपला आज्ञाधारक भाचा,
श्रीधर

ता. क. : वरचं सगळं ऐकून ‘म्हणजे पार्टी सुटली तर’ असं तुम्ही म्हणाल. तसं समजायला माझी हरकत नाही. समजाच, अशी विनंती आहे.

आणखी ता. क. : एक राहिलं. झांज गेली त्याच्या पुढच्याच शनिवारी मी हुडकेश्वरला गेलो आणि सतरंजी टाकली. उलटी पडली म्हणून तुळसाबाईंनी परत टाकायला लावली. त्यानंतरचा एकही शनिवार मी चुकवलेला नाही. हे पार्टीत असणं धरायचं की नाही ते मला ठाऊक नाही, तुम्ही धरू नये.

शेवटचं ता. क., फक्त प्रेमिलासाठी : हे मोठ्याने वाचू नकोस. एवढा कागद भरलेला दिसतो त्यात काय आहे असं मामांनी विचारलं तर तब्येतीची चौकशी आहे म्हणून सांग. दिवाळीत विहिरीपाशी तू मला म्हणाली होतीस, “बाबाच्या धाकानं पार्टी सोडशीन तर मले तोंड दाखवू नोको.” मामांना ती सुटलेली हवी आणि तुला ती न सुटलेली. मी फार डोकं लढवलं, तर दोघांनाही चालेल असं उत्तर एकच निघालं, की पार्टीनेच मला सोडलं, आणि ते माझ्यासारख्यालाच देता येण्याजोगं निघालं. मामांच्या धाकाने मी काहीही सोडलेलं नाही, हे आता तू स्वतःच्या तोंडाने वाचलं आहेस. मोठ्याने वाचताना तू हसली असशील. हस. पण एक सांग. इतवारीत त्या गाण्यानंतर बायकांच्या बाजूने जी टाळी वाजली होती, ती तुझी होती का? इतकी वर्षं विचारायची हिंमत झाली नाही, कारण ती मामींनी डास मारल्याची असण्याचा संभव आहे. पण त्या एका टाळीवर मी एवढी सगळी पार्टी चालवली. उलट टपाली कळव. तुझी नसली, तरी हो म्हण.