अर्ध्या वेलीच्या फळ्या

केडगाव, नगर
डिसेंबर १९९८

प्रिय मनकर्णा,

पत्राच्या सुरुवातीला ‘इकडील सर्व क्षेम’ लिहायचं असतं, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं आणि न लिहिणाऱ्यांचे गुण कापले. आज माझेच कापून घे. क्षेम काही नाही. सुरळीत मात्र सगळं आहे, आणि तीच तर अडचण आहे. पण तिच्यापर्यंत यायला मला थोडं फिरून यावं लागेल. मास्तर माणूस, प्रस्तावनेशिवाय धड्याला हात घालवत नाही.

शेजारच्या रतनबाई रोज दोन भाकरी आणून देतात आणि त्यासोबत सल्ला. भाकऱ्या मोजून असतात, सल्ल्याला माप नाही. मी स्वयंपाक करत नाही असं नाही. परवा पिठलं केलं होतं, ते कढईतून काढायला ओंकारचा पाना लागला. रविवारचा माझा ‘चिमटा’ अजून पेपरात येतो. संपादक म्हणाले, सर, अलीकडं तुमच्या लेखणीला लई धार आलीय. बायको माहेरी गेली की धार येते हे मी त्यांना सांगितलं नाही. उगाच त्यांनी प्रयोग करून बघायचा.

आता बातमी. ती पडवीतल्या मशिनची आहे. त्याचं नाव काढलेलं तुला खपत नाही हे मला ठाऊक आहे, तरी पत्र फाडू नकोस. निदान चुलीत घालण्याआधी वाचून घे, कानिफनाथकडून वाचून घेऊ नकोस. तुझा भाऊ भला आहे, पण तो पत्र वाचतो ते ग्रामसभेत ठराव वाचल्यासारखं.

ओंकारनं ते मशीन जुळवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, हे मळणीयंत्र हाय का पाळणा? दिसायला ते दोन्हीसारखंच होतं. कपाटाच्या खणांना लावतात तसल्या पट्ट्यांवर सरकणारा गाडा, भंगारातल्या छपाईयंत्रांतून काढलेल्या मोटरी, गाड्याला बांधलेलं कोरायचं ड्रिल, आणि कुठल्यातरी हापिसानं टाकून दिलेला कॉम्प्युटर. डिप्लोमाला शिकतो म्हणजे पोरगं नोकरीला लागेल असं आपल्याला वाटत होतं. ते लागलं होतं भंगारवाल्याच्या मागं. मला त्यानं एकदा समजावून सांगितलं होतं. कॉम्प्युटर आकडे वाचतो आणि तारेतून मोटरला ठोके पाठवतो. एक ठोका, एक पाऊल. मोटर खरोखर चालली का, हे तो वळून बघत नाही. मी म्हटलं, म्हणजे आमचं शिक्षण खातंच की. परिपत्रक सुटलं, काम झालं. तो हसला होता. तो माझ्या विनोदांना हसायचा, मनकर्णा. घरातलं तेवढं एकच माणूस हसायचं.

त्याला फळीवर एकच नमुना कोरायचा होता. कडेकडेनं वेल चालायची, पानं यायची, आणि वेल निम्म्याच्या मागंपुढं आली की मशीन थांबायचं. पडद्यावर एकच शब्द: लिमिट. म्हणजे गाडा कडेला जाऊन आपटला, असं त्याचं म्हणणं. आणि बघावं तर गाडा फळीच्या पोटात मुकाट उभा. एकदा थांबलं की कुठवर आलो होतो हे ते विसरायचं, म्हणून पुन्हा नवी फळी, पुन्हा पहिल्यापासून वेल. त्या अर्ध्या वेलीच्या फळ्या तू कशाकशाला वापरल्यास! एक माठावर झाकण, एक पिठाच्या डब्याखाली, एक न्हाणीघराच्या उंबऱ्याला. वेलीच्या पुढं काय आहे असं मी विचारलं की ओंकार म्हणायचा, नाना, शेवटी बघा. जेवतानाही तो असाच होता. ताटातली गूळपोळी शेवटाला ठेवायचा आणि तू ओरडायचीस, मुंग्या खातील.

मग माघातली ती संध्याकाळ. विळद घाटाच्या अलीकडं उसाची ट्रॉली उभी, मागं दिवा नाही, आणि ओंकार गाडीवर. यापुढं मी लिहीत नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि मी पडवीत जाऊन बसलो. मराठीचा मास्तर, ज्याला विजेचं मीटर कुठं आहे हे तुला विचारावं लागायचं, तो मोटरी उघडायला शिकला. मी वेग कमी करून बघितला. गाडा सरकवणाऱ्या रॉडचे आटे तेलात धुतले. मोटर आणि रॉड जोडणारा रबरी तुकडा ढिला असेल म्हणून तारेनं आवळला. प्रोग्राम पुसून फ्लॉपीवरून पुन्हा घातला. कॉम्प्युटर उघडून त्यातली धूळ तुझ्या पावडरच्या पफानं झाडली, तेव्हा तू नुसता पफ उचलून धुवून वाळत टाकलास. मशीन वेलीच्या निम्म्यावर थांबतच राहिलं. खरं सांगू, मला त्याचा राग येत नव्हता. ते थांबलं की मला बरं वाटायचं. ओंकारचं काम अजून व्हायचंय, एवढंच मला त्यातून ऐकू यायचं. काम व्हायचं असलेलं माणूस बाहेर गेलेलं असतं. ते गेलेलं नसतं.

आणि तू? मी पडवीत बटण दाबलं की तू मधल्या घरात शिवायला बसायचीस. लग्नसराई नसली तरी. गिऱ्हाइकांची घाई असेल असं मला वाटायचं, म्हणजे असं वाटून घेणं सोयीचं होतं. तुला त्या ड्रिलचा आवाज ऐकवत नव्हता, म्हणून तू तुझा आवाज मोठा करायचीस. आणि मला तुझं मशीन ऐकवत नव्हतं. तुझे गुडघे दुखतात म्हणून पायाच्या मशिनला ती छोटी मोटर ओंकारनंच बसवून दिली होती ना. ती घूं करून सुटली की मी पडवीचं दार लोटून घ्यायचो. माझं थांबलं की थोड्या वेळानं तुझंही थांबायचं. मग दोघं जेवायला बसायचो आणि मी तुला नगरपालिकेवरचे विनोद सांगायचो.

भाऊबीजेला बायका माहेरी जाताना चार दिवसांची पिशवी नेतात. शिवणाचं मशीन कोणी नेत नाही. कानिफनाथ टेम्पो घेऊन आला आणि त्यानं माझ्याकडं न बघता मशिनला दोरी बांधायला घेतली तेव्हा तो किती दिवसांचा हिशेब आहे ते मला कळलं होतं. मी तेव्हाही काहीतरी टोमणा मारला, मशिनला पण ओवाळणार का म्हणून. तू उंबऱ्यात उभी राहिलीस आणि म्हणालीस,

“तुमाला आता पोरगं नगं हाय. तुमाला बिघाड पायजे.”

तीस वर्षं लोकांना चिमटे काढतोय मी, असं नेमकं वाक्य मला एकदाही सुचलेलं नाही.

तू गेल्यावर बरेच दिवस पडवीचं दार उघडलं नाही. गेल्याच्या गेल्या रविवारी जेवण झाल्यावर उघडलं. नवी फळी लावली, बटण दाबलं आणि स्टूल घेऊन बसलो. वेल निम्म्यावर आली. मी उठून उभा राहिलो, नेहमीप्रमाणं बंद करायला. मशीन थांबलं नाही. कोपऱ्यावरून वळलं, खालची कड धरली, पानं काढत काढत परत वर आलं. मनकर्णा, मी त्याला हात जोडले नाहीत एवढंच. मला वाटलं थांब, अरे थांब की. मी मधल्या घरात आलो, कुणाला तरी सांगायला म्हणून, आणि तिथं तुझ्या मशिनच्या जागी फरशीवर तेलाचा डाग आणि भिंतीत रिकामं सॉकेट.

दुसऱ्या दिवशी रतनबाईंचा मिक्सर मागून आणला. काय वाटायचंय, त्यांनी विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्या दिवशीचा सल्ला फार मोठा झाला. भंगार फळीवर मशीन सुरू केलं, मिक्सर तुझ्या सॉकेटात लावून रिकामाच फिरवला, आणि पडवीत ड्रिल गप्प. पडद्यावर लिमिट. मिक्सर बंद, मशीन चालू. मिक्सर सुरू, लिमिट. त्या छोट्या मोटरींच्या पोटात ठिणग्या उडतात. त्यांची थरथर तारांतून पडवीपर्यंत जाते आणि कॉम्प्युटरला वाटतं, गाडा कडेला आपटला. एवढंच होतं. ना प्रोग्राम चुकला होता, ना मोटर. ओंकारनं तुझ्या गुडघ्यांसाठी बसवलेली मोटर ओंकारचंच काम अडवत होती. आणि त्यालाही ते उमगलं नाही, कारण तो पडवीत गेला की मागोमाग तूही शिवायला बसायचीस, आणि तू शिवत नसायचीस तेव्हा तो तुझ्यापाशी बसून चहा पीत असायचा. नंतर आपण दोघांनी तर एकमेकांचं ऐकू येऊ नये म्हणूनच मशीनं चालवली.

आता त्या रविवारच्या फळीवर काय आलं ते. वेल पुरी झाल्यावर गाडा आत सरकला आणि मधे अक्षरं काढू लागला. पहिलं अक्षर कलंडलेलं आलं, दुसरं त्याच्या अंगावर रेललेलं, आणि एका अक्षराची काठी तर ओळ सोडून खाली लोंबत गेली. मला वाटलं, चला, मोटर पावलं चुकायला लागली. खोटं कशाला बोलू, जीव थोडा हलका झाला; अजून काहीतरी नीट करायचं शिल्लक आहे. मशीन काम संपवून जागेवर गेलं. वाकडेपणा थोडा घासून काढावा म्हणून मी पॉलिश पेपर हातात घेतला. तेव्हा खालची ओळ बघितली. ती पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. मोटरनं एकदा पाऊल चुकवलं की पुढचं सगळं सरकतं, हे मी एवढ्या महिन्यांत शिकलोय. वरची ओळ चुकली असती तर खालची सरळ येणं शक्य नव्हतं. म्हणजे वरची अक्षरं वाकडी काढायला सांगितलेलीच होती. खाली ‘टेलर्स’ आहे. वर ‘मनकर्णा’. ती तुझी सही आहे. मी शाळेत असायचो म्हणून त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी तू करायचीस ती, आणि जिला मी कोंबडीचे पाय म्हणायचो ती. पोरानं ती जशीच्या तशी गिरवून आकड्यांत घातली, रफार सुद्धा. गूळपोळी शेवटाला.

पाटी अजून पडवीतच आहे. मी तिला पेपर लावलेला नाही, रंगही दिलेला नाही. मीटरपासून तुझ्या सॉकेटाला वेगळी तार ओढून घेतलीय, म्हणजे दोन्ही मशीनं एका वेळी चालतील. पण तू ये म्हणून ओढलीय असं मी लिहिणार नाही, कारण पडवीतलं मशीन आता कशाला चालवायचं हे मला सांगता येत नाही. तू म्हणाली होतीस ते खरं होतं. मला बिघाड पाहिजे होता. तो गेला, मनकर्णा. आता या घरात ओंकार नाही, एवढंच उरलंय, आणि ते मला एकट्याला सोसत नाही. रविवारी सकाळच्या गाडीनं पाटी घेऊन राहुरीला येतो. तिथं भावाच्या दारावर लावायची म्हणालीस तर खिळे मी ठोकीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येईन. फक्त ती पहिल्यांदा बघशील तेव्हा मला शेजारी उभं राहू दे. मी काही बोलणार नाही.

तुझाच,
श्रीमंत