पिवळ्या पेटीतला किडा

६ मे १९५७
पोचलो एकदाचे! गाव एवढंसं, पण हवा अशी छान की लिनेट बसमधून उतरताच धावत सुटली. डॉक्टरांनी सांगितलंय, मोकळी हवा आणि भरपूर दूध मिळालं की पोरगी बाळसं धरेल. शेजारच्या सिस्टर झाइना (इथे चर्चमधले सगळे एकमेकांना सिस्टर-ब्रदर म्हणतात) गरम पाव आणि घरच्या गाईचं दूध घेऊन आल्या. रोज आणीन म्हणाल्या. नको म्हटलं तर रुसल्या! मी कामावर जाईन तेव्हा लिनेटलाही सांभाळणार आहेत. लिनेटचे बाबा गेल्यापासून इतकी माया कुणी केली नव्हती.

१३ मे
नागरी संरक्षण कचेरीतलं काम झकास आहे. रशियाचा बॉम्ब पडला तर गावाने कुठे लपायचं, याचा आराखडा टाइप करायचा आणि बॉम्बची घातक किरणं मोजायच्या पिवळ्या पेट्या तपासायच्या. पेटीच्या बाजूला तपासणीपुरती किरणं सोडणारा एक ठिपका असतो. त्याला पेटीची नळी लावली की कानात कटकट ऐकू आली पाहिजे, म्हणजे पेटी ठीक. एरवी ती जवळजवळ गप्पच. लिनेटला ऐकवली, तर म्हणते आत किडा आहे. साहेब, ब्रदर लीमन, पोट धरून हसले.

२ जून
पहाटे पश्चिमेला लख्ख उजेड झाला. वाळवंटात आपल्याच सरकारची अणुबॉम्बची चाचणी होती. सगळं गाव अंगणात उभं, आम्हीही. दुपारी गुलाबीसर धूळ आली आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागले.

४ जून
पेटी बिघडली असावी. दाराच्या चौकटीवर धरली तरी कटकट, परसातल्या कोबीवरही. दुसरी आणली, तीही तशीच. ब्रदर लीमन म्हणाले, अहो सिस्टर, ही यंत्रं शत्रूच्या बॉम्बसाठी, आपलाच बॉम्ब आपल्याला चावेल होय? गावात बोभाटा केलात तर लोक म्हणतील पेटी नाही, बाईच बिघडलीय. बटणं बंद करून कपाटात ठेवायला सांगितलं. मीही हसले.

९ जून
चैन पडेना. एक पेटी घरी आणली. पाणी गप्प. पाव गप्प. दुधाची बरणी —
तीनदा पाहिलं. गाईने त्या धुळीतलंच गवत खाल्लं असणार. दूध ओतून दिलं. सिस्टर झाइनांना सांगितलं तर त्यांचे डोळे भरले. माझी गाय घाणेरडी आहे का गं, म्हणाल्या. त्यांची नातवंडंही तेच पितात.

१० जून
दिवसभर लिनेट त्यांच्याच घरी असते. माझ्या लक्षातच कसं — आज विचारलं. रोज दोन पेले. आजही. किती मायेने सांगत होत्या.

११ जून
लिनेटने पेटी काढलीय. बाहुलीला नळी लावली. मांजराला. माझ्या हाताला. किडा नाहीये, म्हणते.
मग स्वतःच्या गळ्याला —
कटकट, ठिपक्यापेक्षाही जोरात. आई, सापडला, म्हणून नाचतेय.
मी बटण बंद केलं. आवाज थांबला. गेला का किडा, असं विचारतेय. हो म्हटलं. टाळ्या वाजवतेय. हो म्हटलं मी, तिला मी हो —